कुणापैकी?

माझ्या सासऱ्यांच्या खापरपणजोबांच्या थडग्यावरचं एक अक्षर झिजून गेलं आहे.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. नावाचा अर्थच मुळी 'नवं स्कॉटलंड'. त्याच्या टोकाला केप ब्रेटन हे बेट, आणि त्या बेटावरच्या इन्व्हरनेस काउंटीत समुद्राकडे उतरत जाणाऱ्या एका दफनभूमीत हा दगड उभा आहे. दगडावर नाव आहे, मृत्यूचं वर्ष १८८२ आहे, वय ९० आहे आणि त्याखाली हा माणूस मूळचा स्कॉटलंडमधल्या यूइस्टचा, अशी एक इंग्रजी ओळ आहे. यूइस्टच्या आधी एक अक्षर होतं. दीडशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं ते खाल्लं. राहिला आहे तो फक्त अक्षरानंतरचा टिंब.

यूइस्ट नावाची बेटं दोन आहेत, उत्तर आणि दक्षिण. म्हणजे ते अक्षर एक तर 'एन' असणार, नाही तर 'एस'.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी दगडाची डागडुजी करायचं मनावर घेतलं. त्यांनी तेव्हा ऐंशी पार केली होती. "अक्षर तर बसवूच," ते म्हणाले, "पण एवढा खर्च करतोच आहोत तर खाली गावाचंही नाव घालू. कुठून आला ते कळायला नको?" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हॅलिफॅक्समध्ये ग्रंथालयात नोकरी करते, त्यामुळे घरात कागदपत्रांचं जे काही निघेल ते सुनेकडे, असा नियम पडून गेला आहे. मी वाईची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला स्कॉटलंडबद्दल वासुदेव बळवंतांच्या कोठडीइतकीच माहिती होती, म्हणजे ऐकीव. मी म्हटलं, "गाव ना? महिन्याभरात शोधून देते."

त्याला तीन वर्षं लागली. आणि गाव मिळालं नाही. निदान, एक गाव मिळालं नाही.

*

सुरुवात घरात काय माहीत आहे तिथूनच करायची असते. आमच्या घरात चार गोष्टी होत्या. पहिली म्हणजे आडनाव: मॅकडॉनल्ड. दक्षिण यूइस्टवर या आडनावाला वेगळेपण म्हणून काही किंमत नाही. दुसरी, बायबल. त्याच्या पुठ्ठ्याआतलं कोरं पान, जिथे जन्ममृत्यू लिहायची पद्धत होती, ते फाटलेलं. तिसरी, तीन नावांची एक साखळी. आणि चौथी, एक गोष्ट.

साखळीबद्दल आधी सांगते. जिथे निम्मं गाव एकाच आडनावाचं असतं तिथे आडनावाचा उपयोग नसतो. गेलिक बोलणाऱ्या लोकांनी यावर काढलेला उपाय म्हणजे 'स्लॉन्याग', बापआज्याची नावं जोडून सांगितलेली ओळख. उदाहरणार्थ डोनल, इयनचा मुलगा, रुअरीचा नातू. पत्रावर मॅकडॉनल्ड लिहायचं, पण बोलताना ही साखळी म्हणायची. सासऱ्यांना गेलिक तोडकंमोडकं येतं, पण त्या दगडाखालच्या माणसाची साखळी ते एका दमात म्हणतात. त्यांनी ती आजोबांकडून ऐकली, आजोबांनी त्यांच्या वडलांकडून. ती तीन नावं मी इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पण ती दोन शतकं तोंडीच टिकली, हे लक्षात ठेवा. पुढे तिची गरज लागणार आहे.

आता गोष्ट. गोष्ट अशी की क्लूनीच्या गॉर्डननं आमच्या माणसाला घरातून हुसकावून बोटीत घातलं. कर्नल जॉन गॉर्डन ही खरी व्यक्ती. त्यानं १८३८मध्ये दक्षिण यूइस्ट विकत घेतलं आणि पुढे बटाट्यावरच्या रोगानं दुष्काळ पडल्यावर त्याच्या कारभाऱ्यांनी कुळांना सक्तीनं कॅनडाला धाडलं. १८५१च्या ऑगस्टमध्ये लॉकबॉइसडेल बंदरात लोकांना 'ॲडमिरल' या जहाजावर चढवलं गेलं. पळून डोंगरात लपलेल्यांना पकडून आणल्याच्या साक्षी नोंदलेल्या आहेत. ही माणसं क्वेबेकला उतरली तेव्हा अंगावर धड कपडे नव्हते. हायलँड क्लिअरन्सेस म्हणून जो इतिहास ओळखला जातो त्यातलं हे फार काळं पान. आमच्या घरात दर नाताळला कुणी ना कुणी गॉर्डनच्या नावानं बोटं मोडतं.

मी पहिला कागद काढला आणि गोष्ट मोडली.

केप ब्रेटनमध्ये स्थायिक होणारा माणूस जमिनीसाठी सरकारकडे अर्ज करायचा. १७८७ ते १८४३ या काळातले हे अर्ज हॅलिफॅक्सच्या प्रांतिक अभिलेखागारात जपलेले आहेत. आमच्या माणसाचा अर्ज १८२६चा निघाला. वय २७, विवाहित, एक मूल, दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून आलो, अमुक खाडीच्या मागची मोकळी जमीन मिळावी. म्हणजे तो आला १८२४च्या सुमारास. गॉर्डननं बेट विकत घेण्याच्या चौदा वर्षं आधी.

मग तो का आला? त्या काळातलं दक्षिण यूइस्ट केल्पवर जगत होतं. केल्प म्हणजे समुद्रशेवाळ जाळून उरलेली क्षारयुक्त राख. काच आणि साबण करायला ती लागायची. नेपोलियनच्या युद्धात स्पेनमधून येणारी बॅरिला ही तशीच राख बंद झाली आणि केल्पचा भाव टनाला २० पौंडांपर्यंत चढला. शेवाळ गोळा करायला, जाळायला माणसं हवीत, म्हणून जमीनदारांना कुळं जायला नको होती. १८०३चा प्रवासी जहाजांचा कायदा झाला तो वरवर प्रवाशांच्या आरोग्यासाठी. त्यानं जहाजातली गर्दी कमी झाली हे खरं, पण तिकीटही महागलं, आणि ते जमीनदारांच्या पथ्यावर पडलं. युद्ध संपलं, बॅरिला परत आली, १८२०च्या दशकात तिच्यावरचा आणि मिठावरचा कर उतरला, आणि केल्पचा धंदा बसला. ज्यांच्याकडे विकायला चार गुरं होती ते ती विकून, शहाणपणानं वेळेत बाहेर पडले. आमचा माणूस बहुधा त्यांतला. त्याला कुणी हाकललं नव्हतं. नंतर, १८४०च्या आणि ५०च्या दशकात, त्याच बेटावरून नागवलेले लोक येत राहिले. त्यांच्याशी सोयरिकी झाल्या, त्यांची गोष्ट घरात आली आणि तीच आमची झाली.

हे सासऱ्यांना सांगणं मला जड गेलं. दु:खाची का असेना, ती त्यांची इस्टेट होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या आजोबांनी खोटं सांगितलं?" मी म्हटलं, "खोटं नाही. दुसऱ्याचं खरं सांगितलं."

त्या अर्जातला 'मोकळी जमीन' हा शब्दही मला तिथेच अडकला होता. केप ब्रेटन हे मिगमॉ लोकांचं बेट. त्यांच्या भाषेत उनामागी. जमीन मोकळी नव्हती. एकोणिसाव्या शतकात वॅगमॅटकुक आणि व्हायकॉगोमा इथल्या मिगमॉंसाठी राखून ठेवलेल्या जमिनींवरही स्कॉटिश वसाहतवाल्यांनी अतिक्रमणं केली आणि त्याबद्दल मिगमॉंनी तक्रारी केल्या, हे सरकारी दप्तरातच आहे. आपल्याकडून जमीन कुणी घेतली ते घरानं नावानिशी लक्षात ठेवलं, आणि तेही चुकीचं. आपण कुणाची घेतली त्याबद्दल एकही गोष्ट नाही. वंशावळ शोधताना काय लक्षात राहिलं एवढंच बघून चालत नाही, कशाची गोष्टच झाली नाही हेही बघावं लागतं.

*

आता गावाकडे वळते.

पहिल्या आठवड्यात माझी समजूत अशी होती की जहाजाची यादी काढायची की झालं. यादीत नाव असणार, नावापुढे गाव असणार. तसं काही नसतं. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सलग याद्या जपलेल्या आहेत त्या १८९०पासूनच्या. हॅलिफॅक्सला उतरणाऱ्यांच्या १८८१पासूनच्या, क्वेबेकच्या १८६५पासूनच्या. त्याआधीचं जे आहे ते नशिबानं हाती लागलेलं. १७७३ साली 'हेक्टर' हे जहाज लॉक ब्रूमहून सुमारे दोनशे हायलँडर घेऊन नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला आलं. वाटेत देवी आणि हगवणीनं १८ जण दगावले. या प्रांतातल्या स्कॉटिश वसाहतीची सुरुवात लोक तिथून मोजतात, त्या जहाजाची प्रतिकृती पिक्टूच्या धक्क्यावर उभी आहे. त्या एवढ्या प्रसिद्ध जहाजाची प्रवासी यादीदेखील विल्यम मॅकेंझी नावाच्या गृहस्थानं साठाहून अधिक वर्षांनी, आठवणीतून तयार केलेली आहे. आमचं जहाज कुठलं, तेही आम्हाला माहीत नव्हतं.

दुसरा रस्ता मृत्यूच्या नोंदीचा. नोव्हा स्कोशियात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४मध्ये सुरू झाली. मृत्यूच्या नोंदीत जन्मस्थळ आणि आईवडिलांची नावं विचारलेली असायची. मी आनंदानं १८८२ काढायला गेले. १८७७मध्ये ही नोंदणी बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली ती १९०८मध्ये. आमचा माणूस नेमका त्या खड्ड्यात मेला होता. पाच वर्षं आधी गेला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

तिसरा रस्ता म्हणजे पलीकडून, स्कॉटलंडच्या बाजूनं शोधायचं. तिथे सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी आहेत चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशच्या नोंदवह्या. सगळ्यांत जुनी पर्थशरमधल्या एरोलची, १५५३ची. पण प्रत्येक पॅरिशची वही वेगळ्या साली सुरू होते, मध्येच थांबते, आणि बेटांवरच्या तर फारच उशिरा लागतात. त्यात १७८३मध्ये सरकारनं प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला. गरिबांना माफी होती, पण पुष्कळांनी नोंदच करायचं सोडलं. तो कर १७९४पर्यंत चालला. शिवाय दक्षिण यूइस्टवरचे बहुसंख्य लोक कॅथलिक. पॅरिशच्या वहीत त्यांनी जायचं कशाला? आणि कॅथलिकांवर तर कितीतरी दशकं कायद्याची बंधनं होती, त्यांच्या पाद्र्यांनी वह्या राखायच्या कशा? तिथल्या कॅथलिक नोंदवह्या आमच्या माणसाच्या जन्मापर्यंत मागे पोहोचत नाहीत.

या कॅथलिकपणाचा एक उपयोग मात्र झाला. उत्तर यूइस्ट प्रोटेस्टंट, दक्षिण यूइस्ट कॅथलिक. आमचं घर पहिल्यापासून कॅथलिक, दफनभूमी कॅथलिक चर्चची. म्हणजे झिजलेलं अक्षर 'एस'. तीन वर्षांत पक्कं ठरलेलं एवढंच.

या सगळ्यात मला राहून राहून नाशिक आठवत होतं. माझे आजोबा आम्हाला एकदा नाशिकला घेऊन गेले होते. उपाध्यायांनी फक्त दोन प्रश्न विचारले: आडनाव आणि गाव. आणि आतून लांबट वही काढून माझ्या पणजोबांच्या हातची नोंद दाखवली. तेव्हा मला ती जादू वाटली होती. आता कळतं की त्या जादूची किल्ली 'गाव' होती. स्कॉटलंडच्या दप्तराचंही अगदी तसंच आहे. एडिनबरातल्या रजिस्टर हाऊसमध्ये आणि आता घरबसल्या संगणकावर लाखो नोंदी बघता येतात, पण पॅरिश सांगितल्याशिवाय त्या माणसापर्यंत पोहोचवत नाहीत. परदेशी गेलेल्याच्या वंशजाला नेमकी तीच एक गोष्ट माहीत नसते.

*

सरळ रस्ते संपले की आडवाटेनं जायचं. जो माणूस गेला त्याची नोंद नाही, पण त्याची जी भावंडं मागे राहिली त्यांचं काय? १८५५नंतर स्कॉटलंडमध्ये मेलेल्या प्रत्येकाच्या मृत्यूच्या नोंदीत बापाचं नाव असतं आणि आईचं माहेरच्या आडनावासकट नाव असतं. १७९०मध्ये जन्मलेली म्हातारी १८६०मध्ये गेली तर तिच्या नोंदीतून आपण एकदम तिच्या आईपर्यंत, म्हणजे अठराव्या शतकात उडी मारू शकतो. १८५५ या एका वर्षाच्या नोंदी तर डोळे दिपवणाऱ्या आहेत: मृताचं जन्मस्थळ, मुलांची नावं, दफन कुठे झालं, सगळं. कारकुनांना ते झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले.

म्हणून मी आमच्या माणसाची भावंडं शोधायचं ठरवलं. त्याच्या बापाचं आणि आजोबाचं नाव साखळीत होतंच. आईचं नाव हवं होतं. इथे स्कॉटिश लोकांची नावं ठेवण्याची पद्धत कामी आली. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. नियम नव्हे, रिवाज. पण पुष्कळांनी पाळलेला. आमच्या माणसाच्या दुसऱ्या मुलीचं नाव एफी. म्हणजे त्याची आई बहुधा एफी.

पण एफी हे तिचं नाव नव्हतंच. गेलिकमध्ये ते नाव ओयरिक. इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनाला ते लिहिता येईना, मग कुणी एफी केलं, कुणी यूफीमिया, कुणी हेन्रिएटा. रुअरीचा रॉडरिक होतो, डोनलचा डोनाल्ड किंवा डॅनियल, गिलेस्पिकचा आर्चिबाल्ड. ही भाषांतरं नव्हेत. जवळपास वाजणारं किंवा कुणीतरी एकदा ठरवून टाकलेलं इंग्रजी नाव, एवढंच. एकच बाई जन्माच्या नोंदीत एक, लग्नाच्या दुसरी आणि मृत्यूच्या नोंदीत तिसरी. मी सहा महिने एफी शोधत होते आणि हेन्रिएटा मला दिसत असून दिसत नव्हती.

वयांचंही तसंच. १८२६च्या अर्जानुसार आमचा माणूस १७९९चा, १८७१च्या जनगणनेनुसार १७९६चा, दगडानुसार १७९२चा. मरेपर्यंत तो सात वर्षांनी म्हातारा झाला. त्यात लबाडी नसते. ज्याला कधी कुणी जन्मतारीख विचारली नाही तो विचारणाऱ्याच्या समाधानासाठी एक आकडा सांगतो. माझ्या वाईच्या आजीच्या रेशनकार्डावर १ जून होता.

या आडवाटेवर एक गोष्ट मात्र मला चटका लावून गेली. स्कॉटलंडच्या नोंदीत बाई लग्नानंतरही आपल्या माहेरच्या आडनावानिशी असते. सासऱ्यांच्या खापरपणजीच्या थडग्यावर 'अमुक, मॅकडॉनल्ड यांची पत्नी' असं आहे, पण त्याआधी तिचं स्वत:चं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. ती लिहिता-वाचता न येणारी शेतकरीण होती. मी एका रात्री हे बघत बसले होते, आणि मनात आलं की आपल्या बाजूचं बघू. आमच्या घरची वंशावळ काकांनी मोठ्या हौसेनं छापून लॅमिनेट करून दिलेली आहे. नऊ पिढ्या. सगळे पुरुष. मी आत्याला फोन लावला आणि विचारलं, "तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय गं?" आत्या थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "माहेरचं? तिला सगळे काकूच म्हणायचे. घागर घेऊन घाटावरून चढताना बघितलेली आठवते मला. नाव... नाव कधी कुणी घेतलंच नाही बघ." समुद्रापलीकडच्या, परक्या भाषेतल्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईचं माहेर मी शोधून काढलं होतं, आणि माझ्या पणजीचं नाव पाच मिनिटांच्या फोनमध्ये कायमचं हरवलं.

*

शेवटी हाती लागली ती दोन कुटुंबं. एक बेटाच्या मध्यावरच्या स्टोनीब्रिज वस्तीतलं, दुसरं दक्षिणेच्या किलफेडरमधलं. दोन्हीकडे मागे राहिलेल्या, १८५५नंतर वारलेल्या भावंडांच्या नोंदी. दोन्हीकडे बापाचं नाव आमच्या साखळीतलंच, आडनाव मॅकडॉनल्ड. दोन्हीकडे आई ओयरिक, एका ठिकाणी यूफीमिया म्हणून लिहिलेली, दुसऱ्या ठिकाणी हेन्रिएटा म्हणून. दोन्हीकडे वयाच्या हिशेबात एका मुलापुरती मोकळी जागा. गॉर्डनच्या आधी हे बेट ज्या क्लॅनरॅनल्ड घराण्याचं होतं त्यांचे खंडवसुलीचे कागद एडिनबरात आहेत. त्यांतही दोन्ही वस्त्यांत त्या नावाचं कूळ होतं. त्यापुढे आजोबाचं नाव कुणी लिहिलेलं नव्हतं.

मग डीएनए. सासऱ्यांनी नळीत थुंकून दिली. स्टोनीब्रिजच्या वंशजांशी जुळणी आली. मी उडीच मारली. आठवड्यानं किलफेडरच्या वंशजांशीही आली, जवळजवळ तितकीच. ज्या बेटावर शतकानुशतकं आपसांत सोयरिकी झाल्या तिथे प्रत्येक जण प्रत्येकाचा चारपाच बाजूंनी नातलग असतो, आणि दूरचं नातं कागदावर जवळचं दिसतं. चाचणीनं सांगितलं ते एवढंच की सासरे दक्षिण यूइस्टचे आहेत. ते आम्हाला झिजलेल्या अक्षरानं आधीच सांगितलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात मी आणि नवरा तिथे जाऊन आलो. सासऱ्यांना डॉक्टरांनी विमानप्रवासाला मना केलं होतं. मॅलेगहून बोटीनं लॉकबॉइसडेल. बेटाच्या पूर्वेला डोंगर, पश्चिमेला वाळूवर उगवलेली रानफुलांची सपाट कुरणं, मधून एकच लांब रस्ता. स्टोनीब्रिज ते किलफेडर अंतर गाडीनं वीस मिनिटांपेक्षा जास्त नसेल. तीन वर्षं मी ज्या दोन गावांमध्ये अडकले होते ती एवढी जवळ.

किलफेडरच्या दफनभूमीपाशी एक आजीबाई भेटल्या, हातात कुत्र्याची दोरी. माझा चेहरा बघून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. नवऱ्याकडे बघून गेलिकमध्ये म्हणाल्या, "को लेश ऊ?" त्याला तेवढं कळतं. केप ब्रेटनमध्येही म्हातारी माणसं हाच प्रश्न विचारतात. शब्दश: अर्थ 'तू कुणाचा?' पण मला तो एकदम आमच्या घाटावर ऐकू आला: 'कुणापैकी रे तू?' नवऱ्यानं साखळी म्हटली, वडिलांसारखी, एका दमात. आजीबाईंनी ऐकून घेतली, मान हलवली, आणि म्हणाल्या, "असेल. अशा नावाचे इथे होते. वरच्या अंगालाही होते."

तीन वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष त्यांनी कुत्र्याला आवरता आवरता दोन वाक्यांत सांगितला.

*

परत आल्यावर सासऱ्यांच्या समोर बसायची मला भीती वाटत होती. मधल्या काळात त्यांची तब्येत उतरली होती. पाथरवटानं दोनदा फोन केला होता, हिवाळ्याआधी काम उरकायचं तर मजकूर आत्ताच हवा. एक गाव सांगून टाकावं असं मला फार वाटलं. स्टोनीब्रिजची बाजू थोडी जड होती, माझ्या मते साठाला चाळीस. घरात कुणी तपासणार नव्हतं. सासरे समाधानानं डोळे मिटतील, यात वाईट काय?

वाईट हे की तो दगड आहे. कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं. दगडावर आज मी माझा अंदाज कोरला की पन्नास वर्षांनी तोच पुरावा होणार. कुणीतरी त्याचा फोटो काढणार, वंशावळीत घालणार, तिथून तो शंभर वंशावळींत जाणार, आणि किलफेडरच्या बाजूची खरी माणसं कायमची पुसली जाणार. गॉर्डनची गोष्टही अशीच घरात आली होती, कुणाच्या तरी सद्भावनेनं.

म्हणून मी त्यांना दोन्ही गावं सांगितली. फोटो दाखवले, दोन्ही घरांच्या नोंदी दाखवल्या, कुठे खात्री आहे आणि कुठे नाही ते सांगितलं. त्यांनी फोटो एकेक करून बराच वेळ पाहिले.

"म्हणजे तुला सापडलं नाही," ते म्हणाले.

"नाही सापडलं."

"मग दगडावर काय घालायचं, पोरी?"

मी म्हटलं, "तुम्हाला जे पाठ आहे ते. तेवढंच आपल्याला नक्की माहीत आहे."

त्यांना ते आधी पटेना. साखळी ही बोलायची गोष्ट, ती कधी कुणी दगडावर लिहिलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांच्या लहानपणी गेलिक ही घरात आणि गोठ्यात बोलायची भाषा होती, दगडावर इंग्रजी असायचं. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी फोन केला आणि शुद्धलेखन विचारलं. त्यांना स्वत:ला गेलिक लिहिता येत नाही. मी ओळखीच्या एका शिक्षिकेकडून ते तपासून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये काम झालं. यूइस्टच्या आधी 'एस' बसला. खाली नवी ओळ आली: अमुक, अमुकचा मुलगा, अमुकचा नातू. गावाचं नाव नाही. दोन्ही गावांचा सगळा पुरावा, माझ्या शंकांसकट, मी एका फायलीत घालून केप ब्रेटनच्या अभिलेखागारात दिला आहे. पुढेमागे एखादं जुनं पत्र कुठल्या तरी माळ्यावरून निघेल, कुणाला तरी तिसरं नाव सापडेल, तेव्हा त्यांना माझ्यासारखं पहिल्यापासून सुरू करावं लागू नये.

पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो. बिल देताना सासरे म्हणाले, "गावाच्या नावापेक्षा हे महाग पडलं." मग काठी टेकत ते दगडाजवळ गेले आणि आमच्या मुलीला त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. तिनं मागोमाग म्हटली, तीनदा चुकली, चौथ्यांदा बरोबर म्हटली.